खडकावरचा दिवा

शेखर मेला नव्हता. छापील पानाच्या अगदी तळाशी, मंगळावरच्या काळ्या खडकावर तो उभा होता, आणि त्याच्या टोपावरचा दिवा लुकलुकत होता. द्वारकेनं ती ओळ पुन्हा वाचली. चुलीवरचं दूध चढताना तिला दिसत होतं. ते काठाशी आलं, थरथरलं, उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरलं, तेही तिनं पाहिलं. पण हात काही पुढे झाला नाही. करपट वास घरभर झाला तेव्हा उत्तमराव शाळेत जायची टोपी हातात घेऊन स्वैपाकघराच्या दारात आले. "दूध गेलं की सगळं," ते म्हणाले. मग तिच्या हातातल्या मासिकाकडे पाहून त्यांना जरा बरं वाटलं. "मार्चचा अंक आहे तो. पुण्याचे गठ्ठे संस्थानाच्या हद्दीवर सोडसोडून बघतात म्हणे हल्ली, त्यात अडकला होता. काल वाचनालयात आला. म्हटलं, तुझी विमानाची गोष्ट मधेच तुटलीय, तुला आधी." द्वारका म्हणाली, "मेला नव्हता तो." "कोण?" "शेखर." उत्तमराव हसले. "मग चांगलंच झालं की," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि पायऱ्या उतरून गेले. पाळण्यात लेक कुरकुरली. वैशाखातलं ऊन सकाळीच ओसरीवर येऊन बसलं होतं. आणि आज दुपारी कयाधू नदीच्या काठावर गोजरच्या बेपत्ता नवऱ्याचा पळसाच्या पानांचा पुतळा जाळायचा होता.

आपल्या हातून काय झालं ते तिला एकदम कळलं नाही. आधी पाय गार पडले. मग कान. उन्हाळ्याच्या दिवसात कान गार पडतात हे तिला ठाऊक नव्हतं. ती चुलीपुढे खाली बसली, फडक्यानं निखाऱ्यांच्या कडेचं दूध टिपत राहिली, आणि टिपता टिपता तिला ती दुपार दिसू लागली. हीच ओसरी, मधे पसरलेली मोठी वाकळ, तिच्या चार बाजूंना चौघीजणी. वाकळ लेकीसाठी होती. जुनी लुगडी आणून एकीवर एक अंथरायची, आणि दुपारची कामं उरकली की पारुबाई, तिची सून गोजर आणि गुलाबसिंग दफेदाराची बायको मिराबाई सुया घेऊन यायच्या. त्या टाके घालत. द्वारका लेकीला मांडीवर घेऊन वाचून दाखवी. पुस्तकी मराठी त्यांना जड जाई, म्हणून ती एक ओळ वाची आणि दोन ओळी आपल्या बोलीत सांगे. गोष्ट मंदाकिनी नावाच्या मुलीची होती. ती विमानात बसून पृथ्वी सोडून जाते, मंगळावर उतरते, तिथून आणखी पुढे.

बायकांनी आकाश बिनतक्रार मानलं. मंगळाला दोन चंद्र आहेत म्हटल्यावर पारुबाई नुसतं "असतेल बाई" म्हणाली. विमानात वजनच राहत नाही, मंदाकिनी तरंगते, असं सांगितलं तेव्हा मात्र तिची सुई थांबली. "आन् पदर?" "पदरही तरंगतो." "मंग सासरा समोर आला त?" "तिला सासरा नाही, पारुबाई." "तरीच," पारुबाई म्हणाली, आणि टाका ओढला. सगळ्या हसल्या. घोडं अडायचं ते माणसांपाशी. मंदाकिनीचं पृथ्वीवर एका वकिलाशी ठरलेलं असतं, ते मोडून ती निघते. ते पटलं, कारण वकिलाची आई खाष्ट होती. पण विमान चालवणाऱ्या शेखरचा हात तिनं धरला तेव्हा मिराबाई चिडली. "गाव कोणतं त्याचं?" "लिहिलेलं नाही." "माय-बाप?" "नाही." "मग हात कसा धरला? आम्ही म्हैस घेतो तरी चार लोकांला इचारतो." आणि तरी हळूहळू शेखर त्यांना आवडू लागला. विमानातली हवा संपत आली होती तेव्हा दोघांनी एकाच नळीनं आळीपाळीनं श्वास घेतला होता. त्या दुपारी गोजर एकदाही हसली नव्हती. तिनं इतकंच विचारलं होतं, "त्यो आधी घ्यायचा का ती?" द्वारकेनं पाहून सांगितलं, "तो तिला आधी द्यायचा." गोजर मान खाली घालून शिवत राहिली. तिचा संतराम फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला होता. लढाई संपून वर्ष उलटून गेलं, शत्रूनं धरून नेलेलेसुद्धा परत आले, आणि हा नाही.

मग मार्चचा अंक आलाच नाही, आणि एप्रिलचा आला. द्वारकेनं तो आधी एकटीनं उघडला, पोरीला पाजता पाजता. मंदाकिनी कुठल्याशा हिरव्या ग्रहावर होती. तिथं घर होतं, घरापुढं वेल होता, आणि ती विमान बांधणाऱ्या डॉक्टर भार्गवांच्या खांद्यावर मान टेकून बसली होती. शेखरबद्दल एकच वाक्य: गेलेल्या गोष्टींना तिने मनात थारा दिला नव्हता. द्वारकेला कुणीतरी चापट मारल्यासारखं झालं. एका नळीनं श्वास घेतलेला माणूस, आणि महिन्याभरात थारा नाही? असं होत नाही. बाईचं मन असं नसतं. लिहिणाऱ्याला तिला एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवायचं होतं, पाट ठेवतात तसं, म्हणून त्यानं ठेवलं. हे बायकांना कसं वाचून दाखवायचं? मिराबाई काय म्हणेल? आणि गोजर, जी टाक्यांमधून कधी वर बघत नाही, ती काय ऐकेल? द्वारकेला मंदाकिनीची लाज वाटली, जवळच्या नात्यातल्या मुलीची वाटावी तशी. तिला ती सांभाळायची होती. मंदाकिनी भार्गवांची व्हावी, पण डाग न लागता व्हावी. त्याला एकच वाट होती. म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं एप्रिलचा अंक मांडीवर उघडा धरला, त्याच्याकडे बघितल्यासारखं केलं, आणि हाती नसलेला मार्च मनानं सांगितला. विमानाला बांधलेला दोर तुटला. शेखर खडकावर राहिला. त्याची हवा संपत गेली. तो म्हणाला, तू जा. मंदाकिनी गेली नाही. त्याच्या टोपावरचा दिवा मंद होत होत विझेपर्यंत ती काचेला कपाळ लावून बसली. दिवा विझला ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि मगच ती निघाली. सांगताना द्वारका रडली होती. पारुबाईनं डोळ्याला पदर लावला. मिराबाई म्हणाली, "मग ठीक आहे. आता कुणाची बी होवो बिचारी." आणि गोजरचा दोरा सुईतून निघाला होता, तो तिनं पुन्हा ओवला नाही.

दुसऱ्या दिवशी गोजर लवकर आली, एकटीच. काखेत एक धोतर होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. "हे घाला आतल्या बाजूनं," ती म्हणाली, "लेकराला मऊ लागंल." द्वारकेनं विचारलं नाही, कुणाचं. विचारायची गरज नव्हती. येईल अशा माणसाचं धोतर कुणी वाकळीत घालत नाही. त्या क्षणी तिला, आता आठवलं की अंगावर काटा येतो, चांगलं वाटलं होतं. आपल्या शब्दांनी एका पोरीचा गळ्यात अडकलेला आवंढा खाली उतरला, असं काहीतरी मोठं वाटलं होतं. आठवड्यानं कळलं, गोजरनं सासूला सांगितलं, पानं आणा. भटजींनी दिवस काढून दिला. पुतळा जाळायचा, बांगड्या फोडायच्या, सुतक फिटलं की धाकट्या दिराशी, नामाजीशी, पाट लावायचा. आणि आता आलेल्या अंकात शेखर मेला नव्हता. मंदाकिनीला भार्गवांनी सांगितलं, इंधन थोडं आहे, तो आता गेल्यातच जमा; आणि ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. खाली दिवा लागलेला होता.

लेक आता मोठ्यानं रडू लागली. द्वारकेनं तिला उचललं, छातीशी धरलं. त्या छोट्या तोंडाची ओढ लागली तशी तिच्या आतलं काहीतरी सैल झालं, आणि नको ते वर आलं. आपण शेखरला का मारलं? गोजरसाठी? गोजर त्या वेळी मनात तरी होती का? मनात होतं ते सेनगाव. माहेरची ओसरी, ती चौदा-पंधरा वर्षांची, आणि तिला पाहायला आलेला तो मुलगा. त्यानं स्वैपाकाचं विचारलं नाही, शिवणाचं नाही. विचारलं, "काय वाचता?" ती काहीतरी पुटपुटली होती. तो म्हणाला होता, "मी पाठवीन पुस्तकं." पत्रिका जुळली नाही. चार महिन्यांनी तिचं उत्तमरावांशी लग्न झालं आणि वर्ष संपायच्या आत ते तिला आवडू लागले, खरंच आवडू लागले. त्यांचं पायऱ्यांवरचं पाऊल ओळखून ती चहाचं आधण ठेवी. हे कसं झालं, कधी झालं, तिला सांगता आलं नसतं. कुणी छापलं असतं तर तिनंच म्हटलं असतं, असं होत नाही. आणि मग गेल्या दिवाळीत, पोटात ही असताना, हिंगोलीच्या स्टेशनावर तो दिसला. नळावर तांब्या भरत होता. थोडा जाड झालेला. तिनं पाठ फिरवली. धडधडत होतं ते प्रेमानं नव्हे. तिला राग आला होता. तो जिवंत आहे, तांब्या भरतो आहे, याचाच राग. जी संपली असं ती धरून चालली होती, ती गोष्ट नळाशी उभी होती. दूध पिता पिता लेकीनं डोळे मिटले. द्वारकेचे उघडेच राहिले. म्हणजे मंदाकिनीला नव्हे, आपल्याला डाग नको होता. म्हणून मारला. आणि आपल्या त्या मारण्यावर आज एका खऱ्या माणसाची पानं रचली जाणार आहेत.

तिनं लेकीला वाकळीत गुंडाळलं, मासिक त्याच घडीत खोचलं आणि दार ओढून घेतलं. पारुबाईचं घर दोन गल्ल्या पलीकडे. ऊन डोक्यावर येत होतं. तिनं वाकळीचा काठ पोरीच्या तोंडावर ओढला, आणि तेव्हा लक्षात आलं, आतला मऊ काठ पोरीच्या गालाला लागतो आहे तो संतरामच्या धोतराचा. तिनं तो दूर केला नाही. रस्त्यात काय सांगायचं ते ती जुळवत होती. गोजर, थांब. गोजर, मी खोटं बोलले. गोजर, कदाचित त्याचा दिवा लागलेला असेल. मग पुढे काय? गोजर थांबली, तर पारुबाई आपल्या दारात पुन्हा पाऊल टाकणार नाही, गाव म्हणेल मास्तरणीनं गोष्टी सांगून पोरीचं घर मोडलं. आणि न सांगितलं, तर. त्या 'तर'पुढे तिला काही दिसेना.

अंगणात पुरुषमाणसं बसली होती. नामाजी उघड्या अंगानं जमिनीवर पळसाची पानं मांडत होता, भटजी बसल्या जागेवरून सांगत होते, हात इकडं, पाय तिकडं; डोक्याच्या जागी नारळ ठेवला होता. पारुबाई जोत्यावर बसून होती. "मागल्या दारी हाय ती," ती म्हणाली, "जा. लेकरू उन्हाचं कशाला आणलं, मास्तरीणबाई." गोजर गोठ्याच्या सावलीत पाण्यानं शिंपडलेली पानं दोऱ्यानं बांधून देत होती. हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या. द्वारका तिच्यासमोर बसली. जुळवलेलं सगळं रस्त्यातच सांडलं होतं. "मार्चचा अंक आला," ती म्हणाली.

"बरं," गोजर म्हणाली.

"त्यात शेखर मरत नाही, गोजर. ते मी मनानं सांगितलं होतं. अंक नव्हताच माझ्याकडं."

गोजरनं एक पान उचललं, देठ मोडला. "ठावं हाय मला."

"कसं?"

"त्या दिशी तुमी पान उलटलंच न्हाई. आन् लिव्हलेलं वाचता तवा तुमी रडत न्हाई."

द्वारकेनं मांडीवरच्या वाकळीकडे पाहिलं. गोठ्यातली गाय शेपटीनं माश्या वारत होती, तो आवाज फार जवळून येत होता. "मग धोतर का आणलंस?"

"लेकराला मऊ लागावं म्हून." गोजरनं ओसरीकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमच्या घरात कोणी 'मेला' म्हणीत न्हवतं. आत्याबाई म्हणायच्या, माझा लेक येईल. आन् माझे भाऊ माह्येराहून, गोरेगावहून येऊन बसून राह्यले. चल म्हणे, पंचाम्होरं काडी मोडू, तिकडं एक जण पाह्यलाय, दोन बैलांचा धनी. जित्याची काडी मोडली की हे घर तुटलं. मेल्याची बायको त घरात राह्यते, दिराशी पाट लावून. कोणी तरी मेला म्हणायला पाह्यजे होतं. तुमी म्हणल्या. सगळ्याईच्या म्होरं म्हणल्या. आत्याबाई रडल्या न्हाई का? त्या मंदासाठी रडल्या का?"

"आणि तुला? तुला काय वाटतं, तो..."

"मला वाटतं त्याचं काय करता." दोऱ्याची गाठ तिनं दातानं तोडली. "मला ह्या घरी राह्यचंय, मास्तरीणबाई. आला त कोणत्या दारी येईल त्यो? ह्याच न? गोरेगावच्या दारी कशाला येईल?"

द्वारका तिच्याकडे बघत राहिली. तिनं दोर तोडला होता, दिवा विझवला होता, एका बाईला नीट दुसऱ्या खांद्यावर मान टेकता यावी म्हणून एवढं सगळं केलं होतं. आणि ही इथं, लागलेल्या दिव्यावर नजर ठेवून, दुसऱ्याच्या शेजारी बसायला निघाली होती, पहिल्यासाठीच. "आणि आला तर?" तिनं विचारलं. "नामाजीचं काय?"

"त्याला ह्यातलं काही ठावं न्हाई. तवाचं तवा पाहू." मग गोजर बराच वेळ पानंच निवडत राहिली, चांगली, फाटकी, चांगली. "त्यो वाईट न्हाई. काल पानं तोडायला रानात गेला, हात काट्यानं भरून आला. म्या काढले काटे. काढताना मला बरं बी वाटलं. मंग घरात जाऊन म्या तोंड धुतलं." तिनं वर पाहिलं. "हे येतं का तुमच्या छापलेल्यात?"

"नाही येत."

"मंग काय लिव्हते त्ये." आज पहिल्यांदाच ती जरा हसली. हात पुसून तिनं पोरीला मागितलं. द्वारकेनं दिली. लेक जागी झाली होती. तिनं गोजरच्या मनगटावरच्या बांगड्यांत बोटं घातली आणि खुळखुळ्यासारख्या त्या ओढू लागली. गोजरनं ओढू दिल्या. धोतराचा काठ तिच्या अंगठ्याखाली आला होता, त्यावरून ती अंगठा फिरवत होती, मागे-पुढे, मागे-पुढे. "वाकळीतून काढू नका हे," ती म्हणाली. "जित्या माणसाचं हाय." मग, अगदी सहज विचारल्यासारखं, "त्याचा दिवा लागलेला व्हता म्हणता. मंदानं वळून पाह्यलं का?"

द्वारकेनं घडीतून मासिक काढलं. एक क्षण तिच्या मनात आलं, आत्ताही सांगता येईल. पाहिलं म्हणावं. काचेला कपाळ लावलं म्हणावं. पण पान उघडं होतं आणि गोजरची नजर तिच्या डोळ्यांवर होती, ते ओळीवर हलतात की नाही ते बघत. तिनं वाचलं, "मंदाकिनीने एकदाही मागे वळून पाहिले नाही. तिची दृष्टी समोरच्या ताऱ्यावर खिळली होती."

गोजरनं ते ऐकून घेतलं. बांगड्यांत अडकलेली पोरीची बोटं एकेक करून सोडवली. "पाह्यलं असंल," ती म्हणाली. "लिव्हणाऱ्याला दिसलं नसंल."

अंगणातून पारुबाईनं हाक मारली. गोजरनं लेकीला परत दिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उरलेली पानं घेऊन आत गेली. तिच्या चालण्यात काही वेगळं नव्हतं. धुण्याची बादली घेऊन जावी तशी गेली. द्वारका तिथंच उभी राहिली. थोड्या वेळानं दगडावर बांगड्या फुटल्याचा आवाज आला, आणि त्यामागून गोजरचा हंबरडा. द्वारकेनं तो नीट ऐकला, अगदी कान देऊन ऐकला, कुठंतरी बेतलेलं सापडेल म्हणून. सापडलं नाही. पोटातून फाटून आलेलं ते रडणं होतं, नवरा मेलेल्या बाईचंच. लेक दचकून रडायला लागली. मघाशी गोठ्याशी जे ऐकलं तेही खरं आणि हेही खरं, हे कुठं ठेवावं ते द्वारकेला कळेना. तिनं पोरीला घट्ट धरलं आणि बोळातून रस्त्यावर आली.

पुरुष निघाले होते. बांबूंवरचं ओझं इतकं हलकं होतं की खांदेकऱ्यांना पावलं कशी टाकावीत ते जमत नव्हतं. ते उगीच वाकून, उगीच जड चालत होते. पुढं नामाजी, हातात विस्तवाचं मडकं, काट्यांनी ओरबाडलेले दंड उन्हात चमकत होते. विस्तव धरणाऱ्यानं मागं पाहायचं नसतं, इकडं-तिकडं पाहायचं नसतं. बरोबरचे म्हातारे त्याला तेच बजावत होते. नदीची वाट जिथं स्टेशनाच्या रस्त्याला छेदून जाते तिथं ते पोचले. द्वारका भिंतीच्या सावलीत उभी होती. संतराम ज्या रस्त्यानं गेला होता तो स्टेशनाचा रस्ता भरउन्हात पार टोकापर्यंत रिकामा होता. नामाजीचा पाय तिथं अडखळला. त्यानं मान वळवली, आणि त्या रिकाम्या रस्त्याकडं, अगदी शेवटापर्यंत, पाहिलं.